दोन बरण्या अन् बुडाखालचा ठिपका

त्या दिवशी तू बाजेवर बसली होतीस अन् मला कैऱ्या पुसायला लावल्या होत्या. माझी सत्तरी उलटली, पण लोणच्याला हात लावायची ती पहिलीच बारी. मी पुसलेली कैरी तू हातात घ्यायचीस, देठाजवळ बोट फिरवायचीस अन् ओल लागली की परत माझ्या पुढ्यात टाकायचीस. आपली सून संगीता विळीवर फोडी करून राहिली होती. तुला दम लागत होता म्हणून तू नुसतं तोंडानं काम करत होतीस. तुझं ते काम हातापेक्षा भारी.

मीठ झालं, मोहरीची डाळ, मेथी, हिंग झालं. करडईचं तेल तापवून गार केलं. मग तू म्हणलीस, "एक बरणी तुमी भरा, एक संगीता भरंल. तिची पाळी चालू हाय, बरंच झालं."

मी वर पंख्याकडं बघत बसलो. इतकी वर्षं तुझ्याजवळ काढली, तरी सुनंसमोर हा शब्द आला की मला पंखा आठवतो. संगीता म्हणली, "मामा, लाईट गेलीय. पंखा बंद हाय." तू हसलीस अन् मग खोकत बसलीस.

बरण्या भरल्यावर तू आमा दोघांला बाहेर काढलंस अन् दार लोटलं. आत काय केलंस ते मला ठाऊक हाय, तीस वर्षं तू तेच करत आलीस. बरण्यांची जागा बदललीस, एकीच्या बुडाला चुन्याचा ठिपका दिलास अन् दोन्हीला सारखं फडकं बांधलंस. ठिपका संगीताच्या बरणीला. वरून बघून कोणती कुणाची ते कळू नये. महिन्यानं चाखायचं, चाखणाऱ्यानं सांगायचं, अन् मगच बूड बघायचं.

"यंदा गल्लीतल्या वैजंताकाकूला बसवू चाखायला," तू म्हणलीस. "विधवेच्या हाताचं नासतंय, विटाळाच्या हाताचं नासतंय, असं तीच सांगत फिरती. तिच्या जिभेला कळंलच की." अन् मला म्हणलीस, "रोज सकाळी कोरड्या चमच्यानं हलवायचं. तुमीच हलवायचं. न्हाईतर बुरशी धरती."

दोन सकाळी तुझ्यासमोर हलवलं. तिसऱ्या दिवशी दिस उगवायच्या वख्ताला तू गेलीस.

आपली उज्ज्वला नांदेडहून आली ती अजून इथंच हाय. तीच म्हणली, बाबा, तुमी कुणाशी बोलून न्हाई राहिले, निदान लिहा. नातीची अर्धी कोरी वही दिली. मी चौथी शिकलेला, अक्षर बैलाच्या मुताच्या रेघंसारखं. तुझं माहेर कुठलं, तू अंगणवाडीत मदतनीस किती वर्षं होतीस, ते मी लिहीत न्हाई. ते भेटायला आलेले लोक सांगून राहिलेत. मी तुझ्याशी बोलतो. मधीच तू माझं बोलणं तोडायचीस, ते आता व्हायचं न्हाई, एवढाच फरक.

हे बरण्यांचं याड भूकंपानंतर लागलं. आपलं गाव किल्लारीच्या अंगाचं. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं माळवद, एका रात्रीत सगळं खाली आलं. मग पत्र्याच्या शेडात आपण सातजण. तिथं तुला बाहेर बसवायला बाहेरच नव्हतं. एक खोली, एक चूल, एक माठ. माझी आई पहिल्या महिन्यात हैराण झाली, हिला कुठं बसवावं म्हणून. दुसऱ्या महिन्यात गप झाली. तू सगळ्या दिवसांत सगळ्याला हात लावत होतीस. एका उन्हाळ्यात तिथंच लोणचं घातलंस, पलास्टिकच्या डब्यात. ते वर्षभर टिकलं.

त्याच शेडात कोण तरी बोललं, की गावातल्या बायांनी देवळाचं सोवळं मोडलं म्हणून जमीन हालली. मी मान डोलावली होती. तू भाकरी थापता थापता म्हणलीस, "दोन महिन्याचं लेकरू भिंतीखाली गेलं, त्यानं कोणतं सोवळं मोडलं? माणसं मातीच्या वज्यानं मेली. ज्याचं घर पत्र्याचं होतं तो जित्ता हाय, जाऊन बघा." तो माणूस उठून गेला. मी तुझ्यावर चिडलो होतो, पाव्हण्यासमोर तोंड चालवती म्हणून. पण दुसऱ्या दिवशी मी जाऊन बघितलं. तू म्हणली तसंच होतं. तुला सांगितलं न्हाई. आता सांगतो.

नवं घर मिळालं तवा आईनं मागच्या अंगाला परत कोपरा केला, तुझ्यासाठी. पोतं, तांब्या, ताट. तू भांडली न्हाईस. म्हणलीस, "आत्याबाई, आपल्या गळ्यात लिंग हाय. तुमच्या, माझ्या, ह्यांच्या, सारखंच. त्या चार दिवसांत मी ते काढून ठेवत न्हाई. आपल्या शरणांनी, संतांनी, विटाळ मानू नका म्हणून सांगून ठेवलं, अन् आपण लोणच्याला भिऊन राहिलो." आई म्हणली, धर्माचं मला शिकवू नको, लोणचं नासतंय म्हणजे नासतंय. तू म्हणलीस, "करून बघू."

हे तुझे दोन शब्द. भांडणाच्या मधी तू हे दोन शब्द ठेवायचीस अन् भांडण तिथंच बसायचं, पंक्तीला बसल्यासारखं.

एक बरणी आईनं आंघोळ करून, सोवळ्यानं भरली. एक तू तुझ्या दिवसांत भरलीस, आई शेताला गेलेली असताना. ठिपका तुझ्या बरणीला. महिन्यानं दोन्ही पुढ्यात ठेवून म्हणलीस, आत्याबाई, ह्यातली एक माझ्या हातची हाय, कोणती ते सांगा. आईनं वास घेतला, फोड चाखली, दुसरी चाखली, थुंकली. "ही. तोंडात धरवत न्हाई." तू ती बरणी उलटी धरलीस. बूड कोरं होतं. आईची सवताचीच होती ती.

दोन दिवस आई बोलली न्हाई. तिसऱ्या दिवशी तू मागच्या कोपऱ्यात पोत्यावर बसली होतीस, तर आई तिथं गेली अन् तुझ्यापुढं बसून म्हणली, "डोकं दुखून राहिलंय. जरा तेल चोळ." तू चोळलंस. त्यानंतर ते पोतं शेरडाखाली गेलं. माझ्या आईला तू जिंकली न्हाईस, तिला तू वाट दिलीस. एवढं मला तवा कळत नव्हतं.

मला वाटलं होतं, झालं, एकदा दाखवलं, संपलं. पण तू दरसाल करायचीस. अन् एका साली ठिपक्याचीच बरणी नासली. पांढरी बुरशी, वर बोटभर. मला आतून लई आनंद झाला, खोटं कशाला बोलू. म्हणलं, आता बोल. तू म्हणलीस, झाकण सैल होतं. मी म्हणलं, वा, तुझ्या उलट गेलं की झाकण सैल? मग म्हणलीस, "खरंय तुमचं. लिहा कॅलेंडरवर, यंदा ठिपक्याची नासली. झाकणाचं लिहू नका. पुढच्या साली दोन्हीला सारखी झाकणं लावू, मग बोलू."

अगं, जिंकणारी माणसं मी लई बघितली. सरपंचापासून पुढाऱ्यापर्यंत. हरल्याचं नवऱ्याकडून लिहून घेणारी तू एकलीच.

नंतर नंतर मी म्हणायचो, मला पटलं की आता, कशाला ही कटकट? तू म्हणायचीस, तुमाला पटलं म्हणून खरं होत न्हाई, अन् तुमाला न्हाई पटलं म्हणून खोटं होत न्हाई. हे भांडण आपलं अर्धंच राहिलं. मला अजून कळत न्हाई, की माणसानं किती बरण्या भरल्यावर थांबावं. तुला कळत होतं का?

तुझी खोड फक्त लोणच्यापुरती नव्हती. मोबाईलवर मला कुणी तरी पाठवलं, कडुलिंबाच्या रसानं शुगर मुळातून जाती. मी ते पंचवीस जणांला पाठवलं अन् गोळी बंद करायला निघालो. तू गोळी बंद करू दिली न्हाईस. म्हणलीस, आज शुगर मोजून या, पंधरा दिवस रस प्या, परत मोजा. "करून बघू." चौथ्या दिवशी मीच रस मोरीत ओतला, इतका कडू. तू म्हणलीस, आता त्या पंचवीस जणांला हे पण पाठवा. पाठवलं न्हाई. लाज वाटली.

उज्ज्वलाच्या घरी नांदेडला गेलो की तू मालिकेपुढून हलायची न्हाईस. अन् सारखी बोलायचीस. ही बाई नथ घालून झोपती का? हिच्या घरात सतरा माणसं, मग भांडी कोण घासतं? सून जेवताना कधी दाखवली का? दोन महिने बघून राहिले, ती वाढतीच हाय. मी म्हणायचो, मग बघती कशाला? "बाया काय शिकून राहिल्यात ते कळाया नको?" म्हणायचीस. अन् त्याच मालिकेत पोरगी सासरी निघाली तर तुझ्या डोळ्याला धार. मी बघितलं तर म्हणलीस, कांदा. कांदा तर आत होता, ओट्यावर.

उज्ज्वला गरोदर असताना ग्रहण आलं होतं. तिची सासू फोनवर म्हणली, चिरू नको, शिवू नको, पोराचा ओठ फाटतो. तू फोन घेऊन म्हणलीस, विहीणबाई, उज्ज्वला पोटात होती तवा मी ग्रहणात आख्खा भोपळा चिरला होता, अन् तिचे दोन्ही ओठ जाग्यावर हाईत, तुमी तर रोज ऐकताय. मी बाजूला बसून ऐकलं. तीस वर्षं तू मला ते सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी जेवलो न्हाई, रागानं. आज वाटतं, तू आधी सवतावर करून बघायचीस, मग दुसऱ्याला सांगायचीस. लोकं उलट करत्यात.

अन् ते पिशवीचं. तुला अंगावरून लई जायला लागलं, तवा लातूरच्या एका दवाखान्यात गेलो. डाक्टरनं तुझ्याकडं न बघता मला सांगितलं, पिशवी काढून टाका, आता तिचा उपयोग काय. मी मान डोलावली. तू म्हणलीस, साहेब, न्हाई काढली तर काय होईल, अन् काढली तर काय होईल, दोन्ही सांगा. ते चिडले. मला म्हणले, बायकोला समजावा. मी बाहेर येऊन तुला बोललो, की डाक्टर शिकलेला हाय का तू? तू म्हणलीस, शिकलेला हाय म्हणूनच इचारलं, अडाण्याला काय इचारू? मग सरकारी दवाखान्यातल्या बाई डाक्टरनं तपासलं, गोळ्या दिल्या, वयाचं हाय म्हणून सांगितलं. सहा महिन्यांत थांबलं. डाक्टरवर तुझा राग कधीच नव्हता. गावातल्या कितीतरी बायांला तू सवता दवाखान्यात नेलंस. फक्त म्हणायचीस, औषध घ्या, पण इचारून घ्या. तुझ्याशेजारी बसून मी त्या दिवशी मान डोलावली, ते तू एकदाबी काढलं न्हाईस. त्याचे उपकार.

आता जे लिहायला मी एवढा लांबून आलो, ते लिहितो.

आपला पोरगा शिवराज, संगीताचा नवरा, औसा रोडवर अपघातात गेला. मोटारसायकलचे ब्रेक लागत न्हाईत म्हणून महिनाभर म्हणत होता, अन् मी म्हणत होतो, उद्या नेऊ. त्याला आणलं तवा तू बेशुद्ध पडली होतीस. बायांनी संगीताला मधी घेतलं, तिच्या बांगड्या फोडल्या, कपाळ पुसलं. वैजंताकाकू पुढं होती. कुणी तरी म्हणलं, पांढऱ्या पायाची. मी तिथंच खांबाला टेकून उभा होतो. मी पण मनात तेच म्हणलो.

तू शुद्धीवर आलीस अन् संगीताचे हात बघितलेस. मनगटावर काचेचे ओरखडे. वर्ष झाल्यावर एकदा म्हणलीस, "मी शुद्धीत नव्हते. तुमी होता." अन् जरा वेळानं, "ब्रेकला पाय कुणाचे होते हो, पांढरे का काळे?"

तेव्हापासून तू मागं लागली होतीस. मी आधी गेले तर बाया म्हणतील सवाष्ण गेली, भाग्याची. ओटी भरतील, नवरीगत सजवतील, अन् संगीताला मागं सारतील. माझं कुंकू तिच्या हातानं लावायचं. "मी बोलायला नसणार. तेवढं तुमाला बोलायचं हाय." मी दर बारीला टाळलं. कधी म्हणलं, मरणाचं कशाला काढती. कधी झोपेचं सोंग घेतलं. हो म्हणलो न्हाई. तू हो न ऐकताच गेलीस, हे मला लई टोचतं.

त्या दिवशी उज्ज्वला पोचल्यावर तुला आंघोळ घालून पाटावर बसवलं, भिंतीला टेकवून. आपल्यात बसवूनच नेत्यात, म्हणून तू दुपारच्याला जरा टेकलीयस असंच वाटत होतं. बाया आत, गडी बाहेर ओट्यावर. जो येई तो मला म्हणे, भाग्यवान होती, भरल्या कपाळानं गेली. एकदा तू इचारलं होतंस, मी मेल्यावर तुमच्या अंगावरून काय उतरवतील? त्या दिवशी बघितलं. घड्याळ हातात होतं, बटनं शाबूत होती, टोपी डोक्यावर होती. कुणी काहीच उतरवलं न्हाई.

आतून वैजंताकाकूचा आवाज आला. पाच सवाष्णी पुढं या म्हणली. अन् मग, "संगीता, तू मागं सर बाई. ताट दे इकडं."

मी उठलो न्हाई. गुडघ्याचं निमित्त हाय माझं, पण तो गुडघा नव्हता. मी बसून राहिलो, अन् दारातून मला संगीता दिसली. ताट देऊन ती भिंतीला लागली अन् दोन्ही मनगटं पदरात घेतली. तशीच, जशी बांगड्या फोडल्या त्या दिवशी घेतली होती.

मग उठलो. बायांच्या घोळक्यात गडी जात न्हाई, मी गेलो. म्हणलं, "काकू, ताट संगीताला द्या. कुंकू ती लावंल."

काकू म्हणली, भाऊजी, दुःखात माणसाला सुधरत न्हाई, तुमी बाहेर बसा. मी म्हणलं, मला सुधरतंय. शिवराजच्या टायमाला सुधरलं नव्हतं. काकूनं विधीला आलेल्या जंगम स्वामींकडं बघितलं, ते दारात उभे होते. ते म्हणले, आपल्यात त्याला अडकाठी न्हाई, लिंग सगळ्यांच्या गळ्यात हाय, अन् मला पुढं औशाला जायचंय. काकू माझ्याकडं वळली. "अपशकुन झाला म्हणजे? घरात तरणीताठी माणसं हाईत."

असली उत्तरं आयुष्यभर तू देत होतीस. मी तुझ्याकडं बघितलं. तू टेकून बसली होतीस. अन् माझ्या तोंडून निघालं, "करून बघू."

उज्ज्वलानं ताट उचलून संगीताच्या हातात दिलं. तिचं पहिलं बोट घसरून तुझ्या भुवईवर गेलं. तवा काकू पुढं सरकली अन् तिनं संगीताचं मनगट धरलं. तेच मनगट. म्हणली, "नीट लाव गं. वाकडं हिनं कधी चालवून घेतलं न्हाई." अन् रडायला लागली.

हे तुला सांगायचं होतं. उशिरा उठलो, पण उठलो. तीस वर्षं तू बरण्या भरल्यास, त्यातली एक मीच होतो म्हणायचा.

संध्याकाळी घरी जाताना काकू दारात थांबली. मला म्हणली, सुतक हाय, लोणच्याच्या बरण्यांना कुणी शिवू नका, हात लागला तर नासतंय. सवय एका दिवसात जात न्हाई. मी हो म्हणलो न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. घरात सगळी निजलेली होती. तुझी बाज रिकामी, वर घडी केलेली गोधडी. मी हात धुतले, पंच्यानं पुसले, बोटांच्या सांध्यात ओल राहिली का बघितलं. फडताळातून दोन्ही बरण्या खाली घेतल्या. मागून संगीता उठून आली, म्हणली, "मामा, तो चमचा ओला हाय," अन् पदरानं दुसरा पुसून दिला. फडकी सोडली, एक हलवली, मग दुसरी. बुडापासून वरपर्यंत, तू सांगितलं होतं तसं. वास दोन्हीचा सारखाच येऊन राहिला होता. फडकी परत बांधली अन् बरण्या होत्या तशाच वर ठेवल्या, बूड न बघता.